पावसाला भिणारी छत्री

मराठीत छत्री या शब्दाचे पूर्वी दोन अर्थ होते. एक छत्री डोक्यावर धरायची आणि दुसरी थोरामोठ्यांच्या समाधीवर बांधायची. पहिली पावसापासून वाचवायची, दुसरी विस्मृतीपासून. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तिला तिसरी बहीण आली. गच्चीच्या कठड्याला किंवा पडवीच्या खांबाला पिरगाळून बसवलेली, आकाशाकडे तोंड करून वर्षानुवर्षे एकटक पाहणारी ती पत्र्याची परात. तिलाही लोकांनी छत्रीच म्हटले. हे नाव ज्याने प्रथम ठेवले त्याने तिचा आकार तेवढा पाहिला असावा, पावसाळा पाहिला नसावा. पाऊस आला की उघडावी ती छत्री, हा साधा नियम. आणि आमची ही छत्री पाऊस आला की नेमकी मिटते!

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. अकरावीला कला शाखेचा अर्ज भरला त्या दिवशी विज्ञानाची आणि माझी फारकत झाली. तेव्हा उपग्रह, लहरी आणि पाऊस यांच्या भानगडीत मी का पडावे, असा प्रश्न वाचकांना पडला तर त्यांची चूक नाही. पण आमचे घर दापोलीकडच्या एका गावात, ताई दिली चिपळूणला, आणि घरात सत्तरी उलटलेली आई. या तिन्ही गोष्टींनी मला या विषयात ओढले. ते कसे, हे ओघाने येईलच.

आईची रात्री आठची एक मालिका असते. मालिकेचे नाव बदलते, वेळ बदलत नाही. पावसाळ्यात नायिका सासूला काहीतरी निर्वाणीचे सांगायला तोंड उघडते आणि बाहेर आभाळ फुटते. प्रथम नायिकेच्या गालावर दोन-चार चौकोन उमटतात. मग तिची हनुवटी एकीकडे आणि कपाळ दुसरीकडे जाते, आवाज गुळणी धरल्यासारखा होतो, आणि शेवटी काळ्या पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढी कोरडी सूचना उरते. बाहेर सगळे ओले असताना घरात कोरडी अशी ती एवढीच वस्तू.

“आता तिनं सांगून टाकलं असणार,” आई म्हणते, “आणि आपल्याला कळलंच नाही.”

ही छत्री कोणत्या कंपनीची ते सांगण्याचे कारण नाही; पावसापुढे सगळ्याच कंपन्या सारख्या. पहिल्या वर्षी मी डिशवाल्या मुलाला तीनदा बोलावले. तो यायचा तेव्हा पाऊस थांबलेला असायचा आणि चित्र आरशासारखे स्वच्छ असायचे. तो माझ्याकडे दयेने पाहायचा आणि सांगायचा, “सर, प्रॉब्लेम वरूनच आहे.” हे वाक्य तात्त्विकदृष्ट्या इतके बिनतोड होते की मी मुकाट्याने त्याच्या हातावर शंभर रुपये ठेवायचो.

माझा गोंधळ अधिक होण्याचे कारण म्हणजे लहानपणची आठवण. १९९३ च्या सुमारास आमच्या गावात केबल आली. केबलवाल्याने शाळेमागच्या मोकळ्या जागेत जी छत्री उभारली तिच्यात एखादे लग्नातले जेवणाचे तपेले सहज निजले असते. जाळीची, अवाढव्य. मृगाचा पाऊस तिच्यातून गळत असायचा आणि चित्र मात्र शाबूत! ते जायचे ते वीज गेली म्हणून, किंवा आंब्याची फांदी तारेवर पडली म्हणून. चित्र खराब झाले तरी त्यात मुंग्या यायच्या, चौकोन नव्हेत. मुंग्यांतूनही चेंडू सीमेपार गेलेला दिसत असे. मग तीस वर्षांच्या प्रगतीनंतर ही नवी छत्री पावसाला का भिते?

याचे उत्तर मला चिरंजीवांनी दिले. ते आता अभियांत्रिकी शिकतात, पण हा खुलासा त्यांनी नववीत असतानाच केला होता. तो मी माझ्या भाषेत सांगतो. त्यात काही उणे असेल तर ते माझ्या पदरात घालावे.

आपल्या छत्र्या ज्या उपग्रहांकडे पाहतात ते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी फिरते त्याच गतीने तेही फिरतात, म्हणून ते आपल्याला एका जागी खिळल्यासारखे वाटतात. उपग्रहावरच्या एकेका प्रेषकाची शक्ती शंभर-दीडशे वॉट, म्हणजे जुन्या काळच्या दिवाणखान्यातल्या एका मोठ्या दिव्याएवढी. तो दिवा छत्तीस हजार किलोमीटरवरून आपल्या हातभर परातीला दिसायचा! मोठ्या छत्र्या घराघरांवर बसवणे शक्य नव्हते, म्हणून अभियंत्यांनी लहरी आखूड केल्या. लहर आखूड तेवढी छत्री लहान पुरते. केबलवाल्याच्या लहरींची लांबी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास होती. आमच्या घरच्या लहरींची अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी. आणि येथेच पाऊस आडवा येतो. पावसाचा थेंब अर्ध्या मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत असतो. साडेसात सेंटिमीटरच्या लहरीला तो जाणवतही नाही. हत्तीला पायाखालचा हरभरा जाणवत नाही तसा. अडीच सेंटिमीटरच्या लहरीला मात्र तो आडवा येतो, तिची थोडी शक्ती पिऊन टाकतो आणि थोडी इकडेतिकडे उधळतो. लहान छत्रीची सोय आपण वर्षभर भोगतो आणि तिचे भाडे पावसाळ्यात भरतो.

यापूर्वीचे एक उदाहरण मला फार आवडते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्षभर आपल्या देशात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत अमेरिकेच्या एका उपग्रहावरून थेट दूरदर्शन दाखवले गेले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या खेड्यांतल्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, सुमारे दहा फूट व्यासाच्या होत्या आणि त्यांच्या लहरी जवळजवळ पस्तीस सेंटिमीटर लांबीच्या. ओरिसातल्या आणि बिहारातल्या त्या खेड्यांत भर श्रावणात पाऊस कोसळत असला तरी त्या लहरींना त्याचे सोयरसुतक नव्हते. पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने घरोघरी लहान छत्रीची सेवा सुरू केली, खाजगी कंपन्याही आल्या, आणि ‘सिग्नल उपलब्ध नाही’ हे वाक्य आपल्या संसारात रूढ झाले.

मराठीच्या मास्तराला या सगळ्यात एक वेगळीच मौज सापडली. पाऊस किती पडला हे इंग्रजी पुस्तके मिलिमीटरमध्ये सांगतात. आपली भाषा तो कसा पडला ते सांगते. भुरभुर, झिमझिम, रिपरिप, संततधार, सर, झड, मुसळधार, वळीव. हे नुसते कवींचे लाड असावेत असे मला वाटत असे. पण छत्रीला हा फरक आपल्यापेक्षा अधिक कळतो! रिपरिप म्हणजे तासाला दहा मिलिमीटर पाऊस धरला, तर लहरीची शक्ती प्रत्येक किलोमीटरमागे सात-आठ टक्के घटते. पाऊस ढगाच्या वरच्या टोकापासून पडत नाही. आपल्याकडे साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत त्याचे थेंब असतात. त्याच्या वर बर्फाचे कण, आणि ते लहरीला फारसे छळत नाहीत. तिरप्या वाटेने येणाऱ्या लहरीला पावसातून सहाएक किलोमीटर चालावे लागते असे समजा. तर रिपरिपीत उपग्रहाने पाठवलेल्या रुपयातले साठ पैसे आपल्या हाती पडतात. छत्री नीट बसवलेली असेल तर तीसेक पैशांत घर चालते, म्हणून चित्र टिकते. सबंध आषाढ अशी रिपरिप चालली तरी आईची मालिका बिनधोक.

पण तासाला शंभर मिलिमीटरच्या वेगाने वळीव कोसळू लागला की एकाच किलोमीटरमध्ये रुपयातले बहात्तर पैसे जातात. दोन किलोमीटरनंतर उरतात सात-आठ पैसे. तेवढ्यात कोणाचे घर चालणार? असा पाऊस दहा मिनिटेच पडेल, एकूण पाणी सोळा-सतरा मिलिमीटरच भरेल आणि दिवसभराच्या रिपरिपीपेक्षा ते कमीच ठरेल. विहिरीच्या हिशेबात रिपरिप मोठी; छत्रीच्या हिशेबात वळीव.

शिवाय थेंब नुसते पैसे खात नाहीत, गलबलाही करतात. कोणतीही ऊबदार वस्तू अगदी क्षीण अशा लहरी सोडत असते. कोरड्या रात्री छत्रीला थंड, निःशब्द आकाश दिसते. पावसात तिला लक्षावधी थेंबांची कुजबुज ऐकू येते. पत्र्याच्या छपराखाली तास घेणाऱ्या कोकणातल्या कोणाही प्राध्यापकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जोराची सर आली की शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही तो काही आपला घसा बसला म्हणून नव्हे. मुंग्या जाऊन चौकोन आले त्याचेही कारण येथेच आहे. जुने चित्र क्षीण होत होत जाई. आताचे चित्र आकड्यांच्या रूपाने येते. आकडे थोडे चुकले तर पेटीतले यंत्र ते दुरुस्त करून घेते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही; फार चुकले की ते हात टेकते. कड्याच्या टोकापर्यंत सपाट रस्ता, आणि मग एकदम दरी.

आणखी एक बारीकशी गोष्ट. चित्रात आपण थेंब काढतो तसा टोकदार तो कधीच नसतो. मोठा थेंब पडताना खालून दबतो आणि पावासारखा चपटा होतो. त्यामुळे आडव्या डुलणाऱ्या लहरींना तो उभ्या लहरींपेक्षा थोडा अधिक अडवतो. एकाच पावसात काही वाहिन्या आधी जातात आणि काही दोन मिनिटे तग धरतात, ते बहुधा यामुळे. बातम्यांची वाहिनी आधी गेली आणि स्वयंपाकाची टिकली, की आमच्याकडे त्यावरही वाद होतो.

आता आईची गोष्ट.

मे महिन्यात आमच्या खळ्यात वाळवण असते. आमसुले, फणसाचे पापड, आंब्याची साठे. त्या दिवसांत दुपारी वळीव येतो तो सह्याद्रीकडून. एका वर्षी आईच्या ध्यानात आले की दुपारच्या वेळी चित्रात चौकोन येऊ लागले की चार-पाच मिनिटांत पाऊस अंगणात उतरतो. त्या वेळी डोक्यावर ऊन असते! तेव्हापासून तिने टीव्ही हा वाळवणाचा राखणदार नेमला. चित्र मोडले की ती आतून ओरडते, “साठं आत घ्या गं!” सूनबाई प्रथम हसायच्या. दोनदा हसल्या आणि दोनदा साठे भिजली, तिसऱ्यांदा धावल्या.

मला हा योगायोग वाटला. चिरंजीवांनी वहीत आकृती काढून दाखवली. आमची छत्री आग्नेयेकडे पाहते, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर. (वरवर पाहता ती समोरच्या डोंगराकडे बघत असल्यासारखी दिसते, पण या छत्र्यांची घडणच अशी की त्यांची नजर तोंडापेक्षा बरीच वर असते. काही माणसेही अशी असतात.) पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाऊस धरला तर तिची दृष्टिरेषा आमच्यापासून सुमारे तीन किलोमीटरवरच्या गावांवरून पावसात शिरते. म्हणजे तिला अडवतो तो आमच्या डोक्यावरचा पाऊस नव्हे, आग्नेयेकडच्या गावांवर आधीच पडू लागलेला. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने ढग आपल्याकडे निघाला तर तीन किलोमीटरला त्याला सात मिनिटे लागतात. त्यातली पहिली दोन-तीन चित्र मोडण्यात जातात, आणि उरलेल्या चार-पाच मिनिटांत साठे आत येतात. उलट नैऋत्येकडून सर आली तर ती प्रथम आम्हाला भिजवते आणि मग छत्रीची नजर अडवते. तेव्हा आईचे भाकीत चुकते. हे तिला न सांगताही ठाऊक होते. “पावसाळ्यात याचा भरवसा नाही,” ती म्हणायची, “हा उन्हाळ्यातलाच.”

इस्राएलमधल्या काही शास्त्रज्ञांनी मोबाइलच्या मनोऱ्यांमधल्या लहरी पावसात किती क्षीण होतात यावरून पाऊस मोजण्याची रीत २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. चिरंजीवांनी ते आजीला वाचून दाखवले. तिने विचारले, “त्यांच्याकडे पण साठं घालतात का?” हवामान खात्याचे रडार तर थेंबांवरून परत येणारे लहरींचे प्रतिध्वनीच टिपते. दुसऱ्या महायुद्धात विमाने शोधणाऱ्यांना पावसाचे प्रतिध्वनी म्हणजे नसती ब्याद वाटत होती. युद्ध संपल्यावर त्याच ब्यादेवर हवामानशास्त्राची एक शाखा उभी राहिली.

एवढे कळल्यावर मी डिशवाल्याशी वाद घालायचे सोडून माझ्याच घराकडे पाहू लागलो. पाऊस आपल्या हातात नाही, पण रुपयातले किती पैसे पावसाआधीच आपण उधळतो ते आहे. आमची छत्री एका बाजूला किंचित कलली होती. नारळ पडून असेल किंवा मी वाळत घातलेल्या सतरंजीने. हातभर छत्रीची कड एक सेंटिमीटर सरकली तर तिची नजर सुमारे एका अंशाने चुकते आणि पाव हिस्सा शक्ती जाते. कोरड्या दिवशी त्याचा पत्ताही लागत नाही, कारण कड्यापर्यंत रस्ता सपाट असतो ना! ते पाऊस आल्यावर कळते. म्हणून छत्री नीट करून घ्यायची तर मे महिन्यात, चित्र उत्तम दिसत असताना. आणि चित्राकडे न पाहता पेटीच्या यादीतला ‘क्वालिटी’चा आकडा पाहून. मोठी छत्री बसवणे हाही खरा उपाय आहे. साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची बसवली तर सव्वादोन पट शक्ती गोळा होते.

बाकीचे शत्रू किरकोळ पण चिवट. तारेच्या जोडात पाणी शिरते, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने तो गंजतो. तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ ठेवला की पाणी तिथून टपकून जाते. छत्रीच्या पुढच्या बोंडीवर गांधीलमाशी मातीचे घर बांधते. मार्चमध्ये उघडे दिसणारे आकाश जुलैत समोरच्या सागाच्या ओल्या पानांनी भरून जाते. आमच्या एका शेजाऱ्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आणि छत्री भिजू नये म्हणून तीही मोठ्या प्रेमाने शेडीखाली घेतली. मग आठ दिवस ते कंपनीला फोन करत होते.

आईनेही एक उपाय सुचवला होता: छत्रीवर छत्री धरायची. चिरंजीवांनी तो करूनही पाहिला. वडिलांची काळी कापडी छत्री गच्चीवरच्या छत्रीपुढे बांधली. कोरडी होती तोवर आकडा थोडाच उतरला. तिच्यावर बादलीभर पाणी ओतल्यावर तो धाडकन खाली आला. पाण्याचा पातळ पापुद्राही या लहरींना पुरतो. आजोबांची छत्री मात्र त्या प्रयोगात मोडली, आणि तो विषय घरात अजून निघतो.

चिरंजीवांचे स्वतःचे एक खेळणे होते. ॲल्युमिनियमच्या दोन काड्या, प्रत्येकी अर्ध्या मीटरहून थोडी लांब, व्ही अक्षरासारख्या लाकडी पट्टीवर ठोकलेल्या; एक तार, आणि संगणकाला लावायची बोटभर रेडिओ-पेटी. एवढ्यावर तो थेट हवामान-उपग्रहांची चित्रे उतरवून घेत असे. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून धावत, दिवसातून काही वेळा आपल्या माथ्यावरून जात आणि दहा-बारा मिनिटे भेटत. संगणकातून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येई, आणि सेकंदाला दोन ओळी या गतीने अरबी समुद्र पडद्यावर विणला जाई. त्या लहरी दोन मीटरहून लांब. पाऊस त्यांच्या खिजगणतीत नाही. वीज कडाडली तर टिकटिकीत एक करकर उमटे, एवढेच. म्हणजे आमच्या घरात अशी गंमत होती की पाऊस पडू लागला की दिवाणखान्यातली मालिका जाई आणि माडीवर त्याच पावसाचे वरून काढलेले चित्र येई.

ते तिन्ही उपग्रह २०२५ साली निवृत्त झाले. नोआ-१५ तर १९९८ साली उडालेला होता. चिरंजीवांनी वसतिगृहातून फोन करून ते असे सांगितले, जसे कोणी गावातले म्हातारे गेल्याचे सांगावे. आता तो रशियाच्या मेटिओर उपग्रहांची चित्रे उतरवतो. तीही त्याच लांब लहरींवर येतात, पण आकड्यांच्या रूपात. टिकटिक राहिली नाही.

जुलै २०२१ चा तो आठवडा. पुष्य नक्षत्र नुकते लागले होते. पुनर्वसूच्या पावसाला आपल्याकडे तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. म्हाताऱ्याकडून कोणी दांडगाईची अपेक्षा करत नाही. २१ तारखेच्या संध्याकाळी आमचे चित्र गेले आणि आलेच नाही. रात्री नऊला आईने ताईला चिपळूणला फोन लावला. ताईचे घर बाजारापासून जवळ, तळमजल्यावर; वर मालकांचे बिऱ्हाड.

“तुमच्याकडे चित्र आहे का गं?”

“नाही. आम्हाला वाटलं रिचार्ज संपला. ह्यांनी पेटी दोनदा बंद करून चालू केली.”

“कधी गेलं?”

“दिवे लागायच्या वेळी.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वळवात चित्र दहा मिनिटं जातं. इतका वेळ जात नाही. तुम्ही वर जा झोपायला.”

“अगं, लोकांच्या घरी काय जायचं रात्रीचं?”

“जावईबापूंना सांग, मी सांगितलंय म्हणून.”

भावोजींनी ऐकले नाही. २००५ साली पाणी पायरीला लागून परत गेले होते, हा त्यांचा पुरावा. आणि तो खोटा नव्हता. ताईने मात्र आईचा मान राखायचा म्हणून मुलीला घेतले, कागदपत्रांची पिशवी घेतली आणि ती वर गेली. त्या वेळी टीव्हीवर काय सांगत होते हे आम्हा दोन्ही घरांना ठाऊक नव्हते. बातम्या चालू होत्या, अंदाज दिले जात होते. आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्या घरात ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढेच लिहून येत होते. या छत्रीविषयी मला जो काही राग आहे तो या एका गोष्टीचा. मालिका बुडाली तर बुडो.

पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. सकाळी ताईचा फोन लागेना, कोणाचाच लागेना. आमच्याकडे वीज नव्हती. माडीवर चिरंजीवांच्या संगणकात थोडी विद्युत शिल्लक होती. आठच्या सुमारास उपग्रह माथ्यावरून गेला आणि ते चित्र हळूहळू उतरले. समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत सगळे पांढरे, एका सलग गोधडीसारखे. आम्ही तिघे त्याच्याकडे पाहत उभे होतो. साडेआठशे किलोमीटरवरून ते आले होते, सगळ्या पावसातून, एकही ओळ न चुकता. आणि साठ किलोमीटरवरच्या ताईचा आवाज येत नव्हता. आईने विचारले, “यात चिपळूण कुठे?” पोराने बोट ठेवले. तिथे पांढऱ्याशिवाय काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी निरोप लागला. सगळे सुखरूप होते. भावोजी पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून जिन्याकडे आले होते, कुलूप शोधण्यात वेळ घालवून. मी पोचलो तेव्हा घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. शिलाईचे यंत्र, ताईच्या लग्नातले कपाट, मुलीची पुस्तके, सगळे एका रंगाचे झाले होते. टीव्ही पालथा पडला होता. गच्चीवर गेलो तर छत्री जागच्या जागी, धुतल्यासारखी स्वच्छ, आग्नेयेकडे पाहत होती.

आई याचे श्रेय घेत नाही. “चित्र नसतं गेलं तरी मी वर जा म्हटलंच असतं,” ती म्हणते, “आईला काय, काहीतरी निमित्त लागतं.” भावोजी मात्र बदलले. त्यांनी नव्या टीव्हीच्या आधी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घेतला. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब. त्यांना थेंब काय आणि ढग काय. तो त्यांच्या उशाशी असतो. छत्री त्यांनी नव्वद सेंटिमीटरची बसवली आणि दर मेमध्ये आकडा पाहून ती नीट करून घेतात.

यंदा हस्ताच्या पावसात एका संध्याकाळी मेघगर्जना सुरू झाली आणि आमची मालिका मोडली. पाठोपाठ ताईचा फोन.

“आई, चित्र गेलं.”

“किती वेळ झाला?”

“पाच मिनिटं.”

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि फोन कानाशी तसाच धरून ती बसून राहिली. सहा मिनिटे. आठ. मग पलीकडून ताईच्या घरातला टीव्ही एकदम मोठ्याने बोलू लागला.

“आलं गं,” ताई म्हणाली.

“मग तिनं सासूला काय सांगितलं ते बघ,” आई म्हणाली, “आमचं अजून आलं नाही.”